सरतं साल, संत्र्याची साल

डिसेंबर लागला की आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात एक वास येतो. ओलं खोबरं, तूप, भाजलेला रवा, मध्येच रमची एक झुळूक... मालाडच्या ऑर्लेममध्ये राहण्याचे बरेच फायदे आहेत (संध्याकाळी स्टेशनवरून रिक्षा मिळणं हा त्यातला नव्हे!), पण नंबर वन फायदा हाच. वास येतो तळमजल्यावरच्या आंटींच्या किचनमधून. आम्ही वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, म्हणजे मी आणि माझा नाइट शिफ्टवाला रूममेट, तो नाकात भरून घेत दोन जिने चढतो आणि वर जाऊन मॅगी खातो.

मग चोवीस तारखेला बेल वाजते. आंटी दारात. हातात क्रोशाच्या रुमालाने झाकलेली चिनी मातीची ताटली. ताटलीत नेवऱ्या, कलकल, मिल्क क्रीमचे गुलाब आणि पेरूच्या चीजचे लालभडक चौकोन. शाळेत मोदक-करंज्यांवर वाढलेल्या माझ्यासारख्या नागपूरच्या पोराला हे सगळं नवीन होतं. पहिल्या वर्षी मी त्या पेरूच्या चीजमध्ये खरंच चीज शोधत होतो!

यंदा जिन्यात वास नाही.

कारण ऑगस्टमध्ये अंकल गेले. आंटींचे मिस्टर. रेल्वेतून रिटायर्ड, रोज सकाळी गॅलरीत बसून शब्दकोडं सोडवणारे. माझी सगळी पार्सलं तेच घ्यायचे. मी जिना चढताना दिसलो की ओरडायचे, "फ्रीलान्सर, तुझा डबा आलाय!" फ्रीलान्सर म्हणजे नक्की काय हे त्यांना पटलेलं नव्हतं, पण हाक मात्र मस्त मारायचे.

आता कन्फेशन. त्या दिवशी संध्याकाळी मी बाहेरून आलो तेव्हा आंटींच्या दारासमोर चपलांची रांग होती. दार उघडं होतं, आत माणसं होती. काय झालंय ते कळायला दोन सेकंद पुरले. मी लॅपटॉपची बॅग छातीशी धरली आणि सरळ वर निघून गेलो. म्हटलं, डेडलाइन आहे, नंतर येऊ.

डेडलाइन दुसऱ्या दिवशीची होती.

मग 'उद्या जाऊ' झालं. मग 'महिन्याच्या प्रार्थनेला जाऊ'. मग इतके दिवस झाले की आता कुठल्या तोंडाने जायचं, हा प्रश्न पडला. सप्टेंबरपासून मी कानात इयरफोन घालून, पायांचा आवाज न करता तळमजला क्रॉस करायला शिकलो. तुमच्यापैकी कितीजणांनी एखादा फोन असा टाळलाय, हात वर करा. बघा, बरेच आहात.

आणि या सगळ्यात भर म्हणजे ती ताटली. मागच्या ख्रिसमसची. निळ्या काठाची. धुऊन पुसून आमच्या फ्रिजवर ठेवलेली, वर्षभर. परत द्यायची राहून गेली, कारण रिकामी कशी द्यायची? आणि भरून द्यायला आमच्याकडे होतं काय, मॅगी?

'रिकामं ताट परत पाठवायचं नाही' हा आमच्या आईचा फंडा. फ्लॅट नागपूरच्या शेजारणींमध्ये ही डब्यांची देवघेव इतकी जोरात चालते की कुठला डबा मुळात कुणाचा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईने दरवर्षीप्रमाणे विदर्भ एक्स्प्रेसने येणाऱ्या ओळखीच्या काकांबरोबर संत्र्यांची पेटी पाठवली. पोहोचल्याचा फोन केला, आणि बोलता बोलता मी ताटलीचं बोलून गेलो. मग अंकलचं. मग चपलांच्या रांगेचंही.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग...

"अरे बापा, चार महिने काय करून राहिला होतास?"

"म्हणजे... राहून गेलं गं."

"त्यांच्या घरी यंदा काही गोडधोड नसेल करून राहिले. आठवते का, तुझी आजी गेली त्या वर्षी आपल्याकडे दिवाळीचा फराळ कोणी केला होता?"

आठवतं ना! मी सातवीत होतो. आमच्या घरी कढई चढली नव्हती आणि तरी डायनिंग टेबलवर चकलीचे सहा वेगवेगळे डबे होते. घरात कुणी गेलं की त्या वर्षी आपण फराळ करत नाही, शेजारपाजारचे आणून देतात. त्या वयात मला वाटलं होतं, वा, लॉटरी! ते डबे आणणाऱ्या बायका आईजवळ तासतासभर बसून जायच्या, हे मात्र आत्ता आठवलं.

"मग मी एक मस्त चॉकलेटचा बॉक्स घेऊन जातो," मी म्हटलं. दहा मिनिटांत घरपोच मिळतो.

"दुकानातला डबा नेशील तं ते काय ताट परत करणं झालं? काहीतरी हातानं करजो. अन् संत्र्याची सालं फेकून नको देजो, उटण्याला होतात."

आई उटण्याचं म्हणाली आणि माझ्या डोक्यात भलताच बल्ब पेटला.

फ्रान्समध्ये ओरांजेत नावाचा प्रकार असतो. संत्र्याच्या सालीचे लांब काप साखरेच्या पाकात मुरवायचे, सुकवायचे आणि डार्क चॉकलेटमध्ये बुडवायचे. ख्रिसमसच्या दिवसांत तिकडची चॉकलेटची दुकानं यांनी भरलेली असतात. त्याच देशातल्या प्रोव्हान्स भागात ख्रिसमसच्या आदल्या रात्री तेरा गोड पदार्थ मांडायची प्रथा आहे, येशू आणि त्याचे बारा शिष्य मिळून तेरा. त्यातही पाकवलेली फळं असतात. ऐकायला एकदम फॉरेन. पण विचार करा, आपला मोरावळा काय आहे? आवळ्यातलं पाणी हळूहळू बाहेर, साखर हळूहळू आत. आग्र्याचा पेठा? कोहळ्याचं तेच. केकमधली लाल-हिरवी टुटी-फ्रुटी? कच्ची पपई, तीच ट्रिक. म्हणजे अर्धी रेसिपी आपल्या आज्यांना पाठ होती. फक्त शेवटी चॉकलेटमध्ये बुडी मारायची राहिली होती.

शनिवारी दुपारी मी कामाला लागलो. सहा संत्री. आधी कोमट पाण्यात घासून धुतली, कारण लांब पाठवायच्या संत्र्यांवर बऱ्याचदा मेणाचा थर देतात. माझी पेटी ओळखीच्या बागेतली होती, पण तुम्ही बाजारातून आणणार असाल तर हे विसरू नका. नागपुरी संत्र्याचा मोठा प्लस पॉइंट म्हणजे साल सुटी आणि पातळ. सोलायला सुरी लागत नाही, आतला पांढरा भागही कमी. कडवटपणा जास्त करून त्या पांढऱ्या भागात असतो. तो काढायला सालीचे काप पाण्यात उकळायचे, पाणी फेकायचं, पुन्हा ताज्या पाण्यात उकळायचे. नागपुरीला दोनदा पुरतं. मोसंबी किंवा जाड सालीचं माल्टा घेतलंत तर तीनदा.

मग पाक. इथे मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला.

"साखर विरघळली का? आता चमचा नको घालजो त्याच्यात. हलवलं की साखर परत दाणे धरते. अन् लिंबू पिळजो चार थेंब."

आई हे गुलाबजामच्या पाकासाठी आयुष्यभर करत आलीये. त्यामागची केमिस्ट्री मी नंतर वाचली. लिंबातल्या आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो, आणि मग बाकीच्या साखरेला एकत्र येऊन खडे बनवता येत नाहीत. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "असेल बापा. चिकटत नाही एवढं मला माहीत."

मंद आचेवर चाळीस मिनिटं. घाई केलीत तर साल वातड होते, कारण साखर आत शिरायच्या आधीच पाक आटतो. मी दोनदा गॅस मोठा करायला हात पुढे केला आणि दोन्ही वेळा फोनमधून "अंहं!" आलं. हळूहळू साल काचेसारखी आरपार दिसायला लागली. पाक एकतारीच्या पुढे गेला, तेव्हा काप काढून जाळीवर पसरले. उरलेला पाक बाटलीत भरला. सोड्यात घालून बघा, वीकेंडची सोय होते! काप रात्रभर पंख्याखाली ठेवले. मुंबईच्या दमट हवेत रात्रभरही कमी पडते. माझे रविवारी दुपारीही चिकट होते, मग सरळ संध्याकाळपर्यंत थांबलो. थांबणं हाही रेसिपीचा एक भाग असतो, हे कुठल्याही तीस सेकंदांच्या रीलमध्ये दाखवत नाहीत.

आणि मग चॉकलेट. मंडळी, इथे माझी विकेट पडली. दोनदा!

विकेट नंबर एक. क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेलं डार्क चॉकलेट चिरून एका बोलमध्ये घेतलं, खाली उकळतं पाणी. छान वितळत होतं. मी बोल जरा तिरका केला, वाफेचे दोन-तीन थेंब आत पडले, आणि बघता बघता चमकदार चॉकलेटचा चिखल झाला. घट्ट, दाणेदार, ओल्या सिमेंटसारखा. चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. थोडंसं पाणी मिळालं की ते कण एकमेकांना चिकटून बसतात. फेकायची गरज नाही. त्यात भरपूर गरम दूध ओतलं की हॉट चॉकलेट तयार. आम्ही दोघांनी दोन-दोन मग प्यायले. रूममेट म्हणाला, "रोज फेल जा."

विकेट नंबर दोन. या वेळी पाण्याला सांभाळलं, काप बुडवले, आणि लवकर सेट व्हावेत म्हणून ट्रे फ्रिजमध्ये टाकला. तासाभराने बाहेर काढले तेव्हा ठीक होते. थोड्या वेळाने त्यांच्यावर पांढरे डाग! म्हटलं, बुरशी? इतक्या लवकर? तर नाही. फ्रिजमधून गार चॉकलेट दमट हवेत आलं की त्यावर पाणी धरतं, त्या पाण्यात वरची साखर विरघळते आणि सुकल्यावर पांढरी उमटते. शिवाय मी चॉकलेट टेम्पर केलंच नव्हतं. खायला काही धोका नाही, पण दिसायला... असो. रूममेटच्या ऑफिसमध्ये डबा गेला आणि रिकामा परत आला. (बघा, रिकामा! त्याच्या आईने काही शिकवलेलं नाही.)

हे टेम्परिंग म्हणजे काय भानगड आहे? कोको बटर गोठताना वेगवेगळ्या सहा प्रकारचे स्फटिक बनवू शकतं. त्यातल्या एकाच प्रकाराने चॉकलेटला चमक येते आणि तोडताना 'कट' असा आवाज येतो. तो प्रकार हवा असेल तर तापमान सांभाळावं लागतं. दोन तृतीयांश चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, खाली उतरवून उरलेलं एक तृतीयांश बारीक चिरून त्यात घालायचं आणि ढवळत ढवळत ३१-३२ अंशांपर्यंत आणायचं. थर्मामीटर नाही? माझ्याकडेही नव्हता. थेंबभर खालच्या ओठाला लावून बघायचं, किंचित गार वाटलं पाहिजे. मग सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवायचं. पाचेक मिनिटांत चकचकीत सुकलं की समजायचं, जमलं.

एवढा व्याप नको असेल तर कंपाउंड चॉकलेट मिळतं. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, म्हणून टेम्परिंगची गरज नाही आणि किंमतही कमी. घरगुती चॉकलेटं विकणारे बरेच जण तेच वापरतात. चूक काहीच नाही, फक्त पाकीट उलटून वाचा आणि काय घेतोय ते माहीत असू द्या. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या जिभेपेक्षा किंचित कमी. तोंडात टाकल्यावर ते जे विरघळतं ना, ते त्यामुळे. कंपाउंडमध्ये ती मजा जरा कमी येते. सोमवारी मी पुन्हा क्रॉफर्ड मार्केट गाठलं. आंटींना कंपाउंड द्यायचं नव्हतं.

तिसरा प्रयत्न जमला. अर्धा काप केशरी, अर्धा काळा. रात्री साडेअकराला मी त्यांचे फोटो काढत उभा होतो. काढले आणि कुणालाच पाठवले नाहीत.

मंगळवारी संध्याकाळी निळ्या काठाची ताटली घेऊन खाली गेलो. इयरफोन वरच ठेवले. बेल वाजवली. आंटींनी दार उघडलं, काळा ड्रेस, चष्मा डोक्यावर. आधी माझ्याकडे बघितलं, मग ताटलीकडे.

"ही द्यायची राहिली होती," मी म्हटलं. मग पाठ केलेलं सगळं विसरलो. "आंटी, मी ऑगस्टमध्ये यायला हवं होतं. त्या दिवशी मी इथूनच वर गेलो. आलो नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. आंटी वसईच्या, मराठी शाळेत शिकलेल्या, त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. "मी समोरच बसले होते. दिसलास तू मला."

यावर काय बोलायचं? मी काहीच बोललो नाही.

"आत ये. चहा टाकते."

अंकलची खुर्ची गॅलरीतच होती. वर शब्दकोड्यांची पुस्तकं रचलेली. आंटींनी एक काप उचलला, अर्धा चावला आणि जरा वेळ तोंडात धरून ठेवला.

"कडू आहे किंचित."

"दोनदाच उकळले. तिसऱ्यांदा उकळायला हवे होते बहुतेक..."

"नको. त्यांना मार्मालेड असंच लागायचं. गोड केलं की म्हणायचे, हे लहान मुलांचं आहे."

मग त्या अंकलबद्दल बोलत राहिल्या. हॉस्पिटलमधले नऊ दिवस. शेवटपर्यंत शब्दकोड्याचा हट्ट. मध्येच म्हणाल्या, "तुझी पार्सलं आता कोण घेतं?" मी म्हटलं, "कोणीच नाही, परत जातात." "बेल वाजवायला सांग इथे," त्या म्हणाल्या. मी दीड तास बसलो. त्या दिवशी खरोखरची डेडलाइन होती. एडिटरला उशिरा पाठवलेला तो मजकूर हाच, आता समजलं असेल!

निघताना मी ताटलीसाठी हात पुढे केला नाही. कशाला करू? ती परत द्यायलाच तर आलो होतो. पण आंटी आत गेल्या, कापांचा डबा भरून घेतला आणि ताटली धुऊन पुसून घेऊन आल्या. तिच्यावर केळीच्या सोपटात बांधलेली दोन पुडकी. सुकेळी! वसईच्या आगाशीकडे राजेळी केळी उन्हात सुकवून करतात ती. साखर नाही, काही नाही. नुसतं ऊन आणि दिवस.

"यंदा घरात काही केलं नाही मी. हे माहेरून आलंय. रिकामी ताटली कशी देऊ?"

तर ताटली पुन्हा आमच्या फ्रिजवर आहे. सुकेळीतलं एक पुडकं संपलं. दुसरं या वीकेंडला चॉकलेटमध्ये जाणार आहे. या वेळी वर्ष लागणार नाही, चोवीसला संध्याकाळी खाली जायचं ठरलंय. तुमच्याकडेही कुणाची ताटली पडून असेल, तर ख्रिसमसला अजून आठवडा आहे.

चटकन नोट करा

साहित्य: सहा नागपुरी संत्र्यांची साल, दोन वाट्या साखर, दोन वाट्या पाणी, लिंबाचे चार थेंब, २०० ग्रॅम डार्क चॉकलेट.

कृती: सालीचे पाव इंची काप करा. दोनदा ताज्या पाण्यात उकळून निथळा. साखर-पाणी-लिंबाच्या पाकात मंद आचेवर, न ढवळता, आरपार दिसेपर्यंत शिजवा. जाळीवर पूर्ण दिवस सुकवा. बोट चिकटलं तर अजून थांबा. चॉकलेट टेम्पर करून काप अर्धे बुडवा आणि बटर पेपरवर, पंख्याखाली सेट करा.

ताजी स्ट्रॉबेरी बुडवायची असेल तर आधी पूर्ण कोरडी पुसा आणि त्याच दिवशी संपवा, तिला पाणी सुटतं. सालीचे काप मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात, गार कोरड्या जागी दोन आठवडे आरामात टिकतात. फ्रिजमध्ये नको.